पामची रोपं फिकी पडलीत, जीवामृत द्यावं का?

गोदाकाठची

नमस्कार. मी निर्मल जिल्ह्यात भैंस्याजवळ राहते. माहेर धर्माबादचं, म्हणून मराठीत विचारते. तेलुगू बोलते मी, पण लिहायला जमत नाही.

आमच्या संघमच्या, म्हणजे बचत गटाच्या, नऊ जणींनी गेल्या वर्षापासून ऑईल पामच्या रोपवाटिकेतलं काम घेतलंय. माझ्याकडे तीन वाफे आहेत, बाराशे पिशव्या. रोपं साडेचार महिन्यांची. लहान पिशवीतून मोठ्या पिशवीत काढून पाच आठवडे झाले. पहिले दोन वाफे चांगले आहेत. तिसऱ्या वाफ्यात चारशेपैकी दीडशे तरी रोपं फिकी पडलीत. डाग नाहीत, अख्खं पानच पोपटी-पिवळं दिसतं. त्यातच तीस-पस्तीस रोपं अशी आहेत की बाकीची कोपराएवढी झाली तरी ही अजून वीतभरच.

वरचे साहेब म्हणाले, खत वाढवा. माझ्या घरी दोन गायी आहेत. हळदीला आणि सोयाबीनला आम्ही चार वर्षांपासून जीवामृत देतो आणि हळदीचा फरक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, एका वाफ्यावर करून बघा, पण जबाबदारी तुमची. म्हणून विचारते:

पिशवीला किती द्यायचं, किती दिवसांनी? मुळाशी ओतायचं की पानावर फवारायचं? दाणेदार खत बंद करायचं का? आणि मुख्य म्हणजे, त्या वीतभर रोपांना जरा जास्त दिलं तर ती बाकीच्यांना गाठतील का? आम्हाला पैसे रोपामागे मिळतात. बाद झालेल्या रोपाचे मिळत नाहीत.

काळी_माती

ताई, बिनधास्त द्या. मी यवतमाळकडचा, कापूस आणि तूर करतो, सहा वर्षं झाली युरियाची गोणी घरात आणली नाही. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. तुम्हाला हे माहीतच असेल. पामचं मी कधी केलेलं नाही, पण झाड ते झाड. जमीन जिवंत झाली की सगळं मार्गी लागतं.

रोपवाला_एलुरु

ताई, अजून काही ओतू नका. आधी एक काम करा.

तिसऱ्या वाफ्यातली दोन फिकी रोपं घ्या आणि त्यांच्या पिशव्या ब्लेडने उभ्या चिरा. दोन रोपं जातील, जाऊ द्या. मुळ्यांचा रंग बघा, तळातल्या मातीचा वास घ्या, माती मुठीत दाबून बघा पाणी गळतं का. मग पहिल्या वाफ्यातलं एक चांगलं रोप तसंच चिरून शेजारी ठेवा. जे दिसेल ते इथे लिहा. आणि एवढं सांगा, तिसरा वाफा उताराला आहे का? पिशवीत माती भरताना शेणखत कुठलं घातलं होतं?

यवतमाळच्या भाऊंचं मन मोठं आहे आणि त्यांच्या शेताचं ते खरंच सांगत असणार. पण शेतातल्या कापसाचं मूळ चार फूट पळू शकतं. पिशवीतलं रोप कोंडलेलं असतं, त्याला आपण देऊ तेवढंच जग.

गोदाकाठची

काका, चिरून बघितलं. जीव वर-खाली झाला, पण बघितलं.

पहिल्या वाफ्यातल्या रोपाच्या मुळ्या पांढऱ्या, टोकाला पिवळसर, पिशवीच्या कडेपर्यंत गेलेल्या. तिसऱ्या वाफ्यातल्या दोन्हींच्या मुळ्या वरच्या अर्ध्या भागात बऱ्या होत्या, खालच्या अर्ध्या भागात तपकिरी, ओढल्या की साल निघून आत दोऱ्यासारखं राहतं. तळातल्या मातीला नाल्यासारखा वास. दाबल्यावर पाणी गळलं.

वाफा उताराच्या खालच्या अंगाला आहे, टाकीच्या बाजूला. पिशव्या गाळात दोन-तीन बोटं रुतल्यात. शेणखत बाहेरून ट्रॉलीने आलेलं, भरताना हाताला गरम लागत होतं असं आमच्यातली एक जण आता म्हणते.

रोपवाला_एलुरु

तर मग उत्तर तुमच्या हातात आलंच. आता सविस्तर लिहितो. वेळ काढून वाचा आणि संघमच्या बाकीच्या आठ जणींनाही वाचून दाखवा.

मी मूळचा औसा तालुक्यातला. कृषी पदविका झाल्यावर 2009 साली तेव्हाच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात पामच्या रोपवाटिकेत लागलो, तो इथलाच झालो. आता त्या भागाला एलुरु जिल्हा म्हणतात. पामची संशोधन संस्था पेदवेगीला आहे, तीही इथून जवळच. तेव्हा जे सांगतो ते चिखलात उभं राहून शिकलेलं आहे.

तुमच्या रोपांना भूक लागलेली नाही, त्यांचा श्वास कोंडलाय. पिशव्या गाळात रुतल्या, खालची भोकं बुजली, पाणी तळाला साचलं, मुळ्या कुजायला लागल्या. अर्धी मुळं मेलेली रोपं मातीत नत्र असूनही घेऊ शकत नाहीत, म्हणून सगळं पान एकसारखं फिकं. त्यात शेणखत कच्चं. कच्चं खत पिशवीत कुजताना तापतं आणि मुळांच्या वाट्याचा प्राणवायूही खातं. अशा रोपाला साहेब म्हणतात तसं खत वाढवलं तर उरलेली मुळं करपतील. तुम्ही म्हणता तसं जीवामृत ओतलं तर साचलेल्या पाण्यात आणखी पाणी, वर गूळ आणि बेसन. त्या वासात काय वाढेल ते सांगायला नको.

आधी पिशव्या उचला. वाफ्यात खडी किंवा विटांचे तुकडे पसरून त्यावर ठेवा, दोन पिशव्यांत हात जाईल एवढी जागा सोडा. जाड दाभणाने प्रत्येक पिशवीला खालच्या भागात दहा-बारा भोकं पाडा, तळालाही पाडा. वाफ्याच्या वरच्या अंगाला चर काढून टाकीचं सांडपाणी वळवा. पाणी मोजून द्या. भर उन्हाळ्यात मोठ्या पिशवीतल्या वाढलेल्या रोपाला आम्ही दीड-दोन लिटर देतो, पण ते उन्हाळ्यात आणि मोठ्या रोपाला. तुमच्या साडेचार महिन्यांच्या रोपांना आत्ता पावसाळ्यात तेवढं दिलं तर ती बुडतील. दिवसभरात 10 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर त्या दिवशी झारी हातात घ्यायचीच नाही. पत्र्याच्या डब्यात पट्टी उभी करून ठेवा, पाऊस कळतो.

एवढं केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक पिशवी चिरा. नवीन पांढरी मुळी दिसली की मग जीवामृताचं बोलू.

आणि बोलायला मला आवडेल, कारण मी त्याच्या विरोधात नाही. माझ्या घरामागे ड्रम आहे. पण ते नेमकं काय आहे हे हिशेबाने समजून घ्या. दहा किलो ओल्या शेणात नत्र फार तर 50 ग्रॅम. दहा लिटर गोमूत्रात 100 ग्रॅमच्या आसपास. दोन किलो बेसनात साधारण 70 ग्रॅम. सगळं मिळून 200 लिटरच्या ड्रमात दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे लिटरला एक ग्रॅमच्या थोडंसं वर. आता 12-12-17-2 (नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम यांचे टक्के) हे दाणेदार मिश्रखत एका रोपाला 15 ग्रॅम दिलं की त्यातून 1.8 ग्रॅम नत्र जातं. तेवढंच नत्र जीवामृतातून द्यायचं तर एका पिशवीत दीड-पावणेदोन लिटर निखळ द्रावण ओतावं लागेल. रोप जगेल का? आणि दहापट पाणी घालून पाव लिटर दिलं, तर नत्र जेमतेम 25-30 मिलिग्रॅम.

म्हणजे जीवामृत हे रोपाचं जेवण नाही. ते विरजण आहे. दूध असेल तर विरजणाने दही लागतं, रिकाम्या पातेल्यात विरजण घालून काय होणार? तुमच्या हळदीच्या रानात पालापाचोळा, शेणखत, मागच्या पिकाची मुळं असं भरपूर दूध होतं, म्हणून फरक दिसला. पिशवीत पंधरा-वीस किलो माती, तिच्यात ते थोडंच असतं.

आमच्याकडे एका हंगामात चार ओळी वेगळ्या ठेवून मी हे करून पाहिलं. एका ओळीला पूर्ण दाणेदार खत, दुसरीला अर्धं खत आणि दर पंधरा दिवसांनी जीवामृत, तिसरीला नुसतं जीवामृत, चौथीला नुसतं पाणी. सहाव्या महिन्यापर्यंत तिसरी ओळ चौथीपेक्षा बरी होती, पण पहिलीच्या शेजारी उभी केली की फिकी आणि बुंध्याला बारीक. पहिली आणि दुसरी डोळ्यांना सारखीच दिसत. दुसरीची माती मात्र हाताला भुसभुशीत लागायची आणि काढताना मुळांचा गोळा फुटत नसे. माझा अनुभव एवढाच आहे, एका रोपवाटिकेचा, एका हंगामाचा. पण त्यानंतर मी दुसऱ्या ओळीची पद्धत सोडलेली नाही.

तुम्हाला द्यायचंच तर असं द्या. ड्रम भरल्यापासून सात दिवसांच्या आत संपवा. जुन्या सुती लुगड्याच्या दुहेरी घडीतून गाळा. एक भाग द्रावण, दहा भाग पाणी. पिशवीला पेलाभर, 200 मिली, पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी. माती ओलसर असावी, चिंब नसावी. बुंध्यावर आणि शेंड्याच्या न उघडलेल्या पानात थेंबही नको, पिशवीच्या कडेने फिरवून ओता. पानावर फवारू नका. गूळ-बेसनाचा चिकट थर पानावर बसतो, मुंग्या येतात, आणि पावसाळ्यात ओल्या पानांवर आधीच करपा टपलेला असतो. दाणेदार खत आणि जीवामृत यांत आठवड्याचं अंतर ठेवा. आणि शेणाचा ढीग वाफ्यांजवळ नको. गेंडाभुंगा शेणखतातच अंडी घालतो, आणि पामचा त्याच्याइतका जुना वैरी दुसरा नाही. कोकणातल्या नारळवाल्यांना विचारा.

फिकेपणाचंही सगळं एक नसतं, हे लक्षात ठेवा. सगळं पान एकसारखं फिकं, खालच्या पानांपासून सुरुवात, तर नत्र, किंवा तुमच्यासारखी कोंडलेली मुळं. खालच्या पानांची टोकं नारिंगी, पण जो भाग दुसऱ्या पानाच्या सावलीत आहे तो हिरवाच, तर मॅग्नेशियम. टोकाशी पान आकड्यासारखं वळलं तर बोरॉन. पान मध्येच दोरीने आवळल्यासारखं झालं तर बहुतेक मागे कधीतरी पाणी कमी पडलं होतं. यातल्या मॅग्नेशियम-बोरॉनची भर जीवामृताने होत नाही.

आता वीतभर रोपांचं. तुमच्या प्रश्नातलं हेच वाक्य वाचून मी थांबलो होतो.

नोकरीचं दुसरं वर्ष. माझ्या वाफ्यात अशीच साठेक मागे राहिलेली रोपं होती. मला ती टाकवेनात. शेणस्लरी, गोमूत्र, युरियाचं पाणी, जे सुचेल ते दिलं, बाळंतिणीसारखी जपली. बरीचशी हिरवीगार झाली, उंचीही आली. मला अभिमान वाटला. त्यातली काही रोपं जवळच्या गावातल्या एका बाईंच्या एक एकरात गेली. नवरा वारलेला, दोन मुलं शाळेत. एकरात 57 झाडं, त्रिकोणी मांडणी, दोन झाडांत 9 मीटर. चौथ्या वर्षी बाकीच्या झाडांना घड आले. सात झाडं नुसती वाढली. उंच, पानं आभाळाकडे उभी, गडद हिरवी, बघणाऱ्याला वाटावं बागेतली हीच सगळ्यात तगडी. घड एकही नाही. पाचव्या वर्षी नाही, सहाव्या वर्षीही नाही. त्या मला विचारायच्या, यांना कुठलं खत कमी पडतंय? आणि मला माहीत होतं की ती माझ्या वाफ्यातली आहेत.

सहा वर्षांचं पाणी, खत, मजुरी त्या सात झाडांनी खाल्ली. शेवटी तोडली. मी नवी रोपं नेऊन स्वतः खड्डे काढून लावली, पण शेजारच्या मोठ्या झाडांच्या सावलीत ती रेंगाळली. पाम 25-30 वर्षं उभा राहतो. रोपवाटिकेतली चूक कुणाच्या तरी रानात तेवढी वर्षं उभी राहते.

म्हणून सांगतो. काही रोपं मुळातच बिघडलेली असतात, ते बियात असतं. खताने ती बरी होत नाहीत, फक्त बरी दिसायला लागतात, आणि हे जास्त वाईट. गवतासारखी अरुंद पानं, देठाला चिकटून उभ्या राहिलेल्या पात्या, नवं पान जुन्यापेक्षा आखूड राहून माथा सपाट झालेला, बरोबरीच्या रोपांची पानं चिरून पात्या सुट्या झाल्या तरी याची अखंडच, आणि तुमची वीतभर रोपं. ती जीवामृत द्यायच्या आधी काढा, हिरवी व्हायच्या आधी. फक्त एक करा. पिशव्या उचलल्यावर तीन आठवडे वाट बघा, कारण त्यातली काही कदाचित पाण्यानेच खुंटली असतील. मुळं सुधारूनही जी वाढत नाहीत, ती गेली.

आणि पैशाचं. शंभरात वीस-पंचवीस रोपं बाद होणं म्हणजे रोपवाटिका बिघडणं नव्हे. नीट चालणाऱ्या रोपवाटिकेत एवढी बाद होतातच, आणि कोंब आलेलं बी मागवताना ही घट धरूनच मागवतात. ती घट तुमच्या मजुरीतून का जावी? बाद रोपाचे पैसे कापले की कामगार बाद रोप लपवतो, हे मी माझ्यावरूनच सांगतो. साहेबांशी नऊ जणी मिळून बोला. निवड करून काढलेल्या रोपाचीही मजुरी मिळेल असं कागदावर लिहून घ्या.

पेकानबारूहून

मी मूळ सांगलीचा, सुमात्रातल्या रियाऊ प्रांतात तेलगिरणीत नोकरीला. रोपवाटिका माझं काम नाही, पण रोज जाता-येता बघतो.

इथले छोटे शेतकरी जीवामृतासारखंच एक द्रव खत करतात, त्याला पुपुक ओर्गानिक चाइर म्हणतात. केळीचं खोड बारीक चिरून, नारळाचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, उसाची मळी आणि बाजारात मिळणारं जिवाणूंचं विरजण, हे सगळं कॅनमध्ये घालून दोनेक आठवडे आंबवतात. झाकणातून एक बारीक नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवतात, म्हणजे गॅस बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. माझ्या शेजारच्या घरी एकदा नळीशिवाय घट्ट बंद केलेला कॅन फुटला होता, भिंत आठवडाभर घाण मारत होती. केळीच्या खोडात पालाश भरपूर असतो, म्हणून ते घालतात.

पण मोठ्या मळ्यांच्या रोपवाटिकांत अजून दाणेदारच चालतं. आधी 15-15-6-4, मग 12-12-17-2. द्रव खत देणारे ते जोडीला देतात. रोपवाला काकांचं म्हणणं इथेही तसंच लागू आहे. बाद रोपांचं तर फारच. इथल्या मळ्यांत बाद रोपं कोयत्याने तोडून टाकतात, कुणी उचलून नेऊन विकू नये म्हणून.

काळी_माती

काका, ते विरजणाचं पटलं. माझ्या शेतात दरवर्षी पऱ्हाटी कुटून मातीत जाते, त्याचा मी कधी हिशेबच धरला नव्हता. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

गोदाकाठची

चोवीस दिवस झाले. सांगते.

चारशे पिशव्या नऊ जणींनी दोन दिवसांत उचलल्या, प्रत्येकीने आपापला वाफा सोडून माझ्याकडे काम केलं. खडी मिळाली नाही, पडक्या घराच्या विटा फोडून घातल्या. दाभण माझ्या सासऱ्यांचं, पोती शिवायचं. टाकीचं पाणी आता पलीकडच्या चरात जातं.

काल पिशवी चिरली. खालच्या अंगाला पांढऱ्या मुळ्या आल्यात, नखाएवढ्या, पण आल्यात. दीडशेपैकी शंभरावर रोपांचं नवं पान चांगलं हिरवं उघडलंय. जुनी पानं फिकीच आहेत.

वीतभर पस्तीस होती. त्यातली अकरा चालू लागली. चोवीस तशीच. ती मी काल संध्याकाळी उपटली. तुमच्या त्या बाईंची सात झाडं सारखी डोळ्यांसमोर येत होती, नाहीतर माझ्याने झालं नसतं. दोनांची पानं खरोखर गवतासारखी होती, आधी मला ते दिसलंच नव्हतं.

साहेबांशी बोललो. आधी नाही म्हणाले. मग आम्ही चोवीस रोपं त्यांच्या टेबलापुढे ओळीने मांडली आणि विचारलं, यातलं कुठलं तुमच्या स्वतःच्या शेतात लावाल? या हंगामापुरती शंभरामागे वीस रोपांची मजुरी द्यायला तयार झालेत. कागद सोमवारी होणार आहे.

जीवामृत उद्या भरते. पन्नास पिशव्यांना देणार, शेजारच्या पन्नासांना नाही. दोन्हीकडे खत सारखंच.

रोपवाला_एलुरु

पन्नास-पन्नास एकाच ओळीत सलग ठेवू नका, एकाआड एक ओळ घ्या. उताराचा फरक दोघांना सारखा वाटला जाईल. पिशव्यांना रंगाचा ठिपका द्या, पावसात कागदाची चिठ्ठी टिकत नाही. बुंध्याची जाडी दर महिन्याला एकाच जणीने मोजावी.

आणि ती अकरा रोपं वेगळी ठेवा. आठव्या महिन्यात पुन्हा एकदा नीट बघायची आहेत.